ऑक्सिजन-स्वच्छता (स्कूबा उपकरणांची)

शुद्ध किंवा वाढीव प्रमाणातील ऑक्सिजनच्या संपर्कात येणारे सिलिंडर, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर व नळ्या तेल, ग्रीस, धूळ आणि धातूच्या किसापासून पूर्ण मुक्त करण्याची प्रक्रिया. समुद्रापासून दूर, सावदा-फैजपूरच्या केळीपट्ट्यातही तिचे मूळ तत्त्व पाळले जाते: ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा जाणता गॅस वेल्डर ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरला ग्रीसचा हात लागू देत नाही. गॅस सिलिंडर नियम, 2016 नुसारही व्हॉल्व्हला तेल लावण्यास मनाई आहे.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, इतरांना मात्र भराभर जाळतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की 200 बार दाबाचा वायू पुढच्या बंद जागेत घुसतो, तिथला वायू क्षणात आवळला जातो आणि हिशेबाने तापमान 1000 अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते. डिझेल इंजिनात ठिणगीविना इंधन पेटते ते असेच. तिथे ग्रीसचा पुसट डाग असला तरी तो पेट घेतो, त्यावर सांधा घट्ट बंद करणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, पेटते आणि मग धातूही. म्हणूनच ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह सावकाश उघडतात.

मालवण-तारकर्लीला हौशी पर्यटक साध्या हवेवर बुडी मारतात. त्यात ऑक्सिजन 21 टक्केच असल्याने ही प्रक्रिया लागत नाही. नायट्रॉक्स या ऑक्सिजन वाढवलेल्या मिश्रणात तो बहुधा 32 किंवा 36 टक्के असतो. 40 टक्क्यांपर्यंत साधी उपकरणे चालतात असा प्रघात आहे, पण त्यावर विसंबणे धोक्याचे. मिश्रण करताना रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडत असतील, तर सिलिंडर आणि व्हॉल्व्हला 100 टक्केच सोसावा लागतो.

हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे. उपकरण पूर्ण सुटे करतात, जुन्या ओ-रिंगा फेकून देतात. सुटे भाग तेल काढणाऱ्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात, शक्यतो अल्ट्रासॉनिक टाकीत धुतात. हिरवट गंज सौम्य आम्लाने काढतात. मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुऊन तेलविरहित वायूने वाळवतात. मळ पांढऱ्या प्रकाशात, नंतर अतिनील प्रकाशात शोधतात. खनिज तेल त्यात बहुधा चमकते, सिलिकॉन ग्रीस मात्र सहसा चमकत नाही. त्यामुळे एवढ्याच तपासणीवर भागत नाही. जोडणीत व्हायटॉन या कृत्रिम रबराच्या ओ-रिंगा आणि ऑक्सिजनला चालणारे फ्लोरिनयुक्त ग्रीसच वापरतात. नेहमीचे सिलिकॉन ग्रीस इथे वर्ज्य.

स्वच्छता झाली तरी ती टिकवावी लागते. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे बारीक तुषार असू शकतात. अशा हवेने एकदा जरी सिलिंडर भरला, तर त्यावरची ‘ऑक्सिजनसाठी स्वच्छ’ ही चिठ्ठी काढून तो पुन्हा धुवायला पाठवतात.