दुरुस्तीनंतरचे पाणी : पॉम्पेई, इ.स. ६२ ते ७९

नळ दुरुस्त झाला, जोड पक्का बसला, गळती थांबली. आणि तोटी उघडून पाहावे तर करंगळीएवढी धार! ही तक्रार निदान दोन हजार वर्षे जुनी आहे. इटलीतील पॉम्पेई नगरात तिच्या खुणा रस्त्याच्या कडेला आजही दिसतात.

इ.स. ६२ मध्ये पॉम्पेईला मोठ्या भूकंपाचा तडाखा बसला. इ.स. ७९ मध्ये वेसुव्हियसच्या उद्रेकात नगर गाडले गेले. मधल्या सतरा वर्षांत पॉम्पेईकर भिंती सावरीत होते, छपरे घालीत होते आणि नळ जोडीत होते.

नगराचा पाणीपुरवठा केवळ उतारावर चाले. सर्वांत उंच ठिकाणी, वेसुव्हियस दरवाजाजवळ, कालव्याचे पाणी एका वितरणगृहात येई व तेथून तीन मोठ्या नळांत विभागले जाई. एक नळ कारंज्यांचा, एक स्नानगृहांचा, एक खाजगी घरांचा, असे पूर्वीचे अभ्यासक मानत. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण आता फारसे ग्राह्य धरले जात नाही. तीन नळ नगराच्या तीन भागांकडे जात असावेत, हे अधिक पटते. वितरणगृहापासून नगराच्या खालच्या टोकापर्यंत तीस मीटरांहून अधिक उतार होता. एवढा दाब शिशाच्या नळांना पेलवला नसता. म्हणून चौकाचौकांत सुमारे सहा मीटर उंचीचे विटादगडांचे मनोरे उभारले होते. पाणी मनोऱ्याच्या माथ्यावरील शिशाच्या टाकीत चढे, तेथे त्याचा दाब मोडे, आणि मग ते बारीक नळांनी घरोघरी उतरे. टाक्या नाहीशा झाल्या आहेत. मनोऱ्यांवर साचलेला चुन्याचा थर मात्र शिल्लक आहे.

अशा व्यवस्थेत घराला मिळणारा दाब मुळातच मोजका असतो. त्यामुळे दुरुस्तीतील लहानशी चूकही धारेत उमटते.

शिशाचा पत्रा गोलाकार वळवून त्याची शिवण वितळलेल्या धातूने बंद केली की रोमन नळ तयार होई. वास्तुविशारद व्हिट्रूव्हियसने नळांची नावे पत्र्याच्या रुंदीवरून दिली आहेत : पाच अंगुळांचा, दहा अंगुळांचा, याप्रमाणे. आता दहा अंगुळांच्या नळाचा फुटका भाग कापून तेथे पाच अंगुळांचा तुकडा बसवला असे समजू. परीघ निम्मा झाला, म्हणजे व्यास निम्मा झाला. पण पाणी वाहण्याची जागा चौथ्या हिश्श्यावर आली. पुढचा सारा नळ कितीही रुंद असो, त्या तुकड्यापाशी पाण्याची कोंडी होणारच. जोडातून आत ओघळलेले शिसे, उघड्या तोंडातून शिरलेली माती, हादऱ्याने सुटलेल्या चुन्याच्या खपल्या हीसुद्धा त्याच अडथळ्याची रूपे आहेत.

दुसरा शत्रू हवा. रिकाम्या नळात पुन्हा पाणी सोडले की आतली हवा उंचवट्यांवर अडकते आणि प्रवाह मंदावतो. व्हिट्रूव्हियस भूकंपाच्या कित्येक दशके आधी होऊन गेला, पण हे त्याला ठाऊक होते. कोंडलेल्या हवेचा जोर दगडही फोडू शकतो, म्हणून उगमाकडून पाणी प्रथम हळूहळू व थोडे थोडेच सोडावे, असे तो सांगतो. त्याची आणखी एक सूचना मोठी मजेदार आहे : पहिल्यांदा पाणी सोडण्यापूर्वी त्यात राख टाकावी, म्हणजे जोडांतील बारीक फटी आपोआप बुजतील. युक्ती चतुर खरी. मात्र जी राख फट बुजवते, ती अरुंद तोटीही बुजवू शकते. घरधन्याने त्या दिवशी कारंजे बंद ठेवलेलेच बरे.

पॉम्पेईच्या घरांत काशाच्या फिरत्या तोट्या सापडल्या आहेत. वेट्टींच्या घरात बागेभोवतीच्या बारा मूर्तींतून पाणी उडे. असा थाट परवडणाऱ्यांनाही अंगणातील पावसाच्या पाण्याचे भूमिगत टाके सोडता आले नाही. कालव्याचे पाणी आले तरी ही टाकी बहुतेक घरांत राहिली, आणि नळ कोरडे पडले तेव्हा तीच उपयोगी पडली असणार.

उद्रेकाच्या दिवशी दुरुस्ती चालूच होती, याचा पुरावा रस्त्यांनी दिला आहे. पदपथांलगत नळांसाठी खोदलेले लांबच लांब चर उत्खननात सापडले. ते मातीने भरलेले नव्हते. त्यांत थेट ज्वालामुखीचे हलके खडे पडले होते. म्हणजे आकाशातून खडे बरसू लागले, तेव्हा चर उघडे होते. ही खोदाई इ.स. ६२ च्या भूकंपाची लांबलेली दुरुस्ती, की उद्रेकापूर्वीच्या नव्या धक्क्यांनी ओढवलेले काम, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो. सतरा वर्षे कोणी पदपथ उघडा ठेवीत नाही.

भूकंपानंतर नगराने नवी, प्रशस्त अशी मध्यवर्ती स्नानगृहे बांधायला घेतली होती. त्यांचे बांधकाम इ.स. ७९ मध्येही अपुरेच होते.