जुन्या पिकप गाडीचें नवें एंजिन

जुबिलीच्या अंकांत गेल्या वर्षांचा हिशेब मांडण्याचा प्रघात आहे. माणसें, इमारती व संस्था यांचा हिशेब वाचकांस इतर पानांवर मिळेलच. आम्हीं या पानांवर एका यंत्राचा हिशेब मांडण्याचें योजिलें आहे. जुन्या वस्तूचें किती राखावें आणि किती बदलावें, हा प्रश्न त्याच्या हकीकतींत उभा राहतो, आणि त्याचें उत्तर हातांत पाना घेऊनच द्यावें लागतें.

हें यंत्र आपल्या मुंबईस अगदींच परकें नाहीं. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. सुटे भाग परदेशांतून यावे आणि शिवडीस त्यांची शेव्हरोलेट मोटार किंवा मालमोटार उभी राहावी, असा तेथील क्रम होता. त्याच वर्षाच्या अखेरीच्या सुमारास तिकडे अमेरिकेंत शेव्हरोलेटनें आपलें चार सिलिंडरांचें एंजिन सोडून १९२९ च्या गाड्यांसाठीं सहा सिलिंडरांचें एंजिन पुढें आणिलें. त्याचें माप १९४ घन इंच होतें. चारांच्या किंमतींत सहा मिळतात, अशी त्याची जाहिरात करण्यांत आली. त्याचे कांहीं बोल्ट शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून लोकांनीं त्यास ‘स्टोव्हबोल्ट’ असें टोपण नांव दिलें. तें नांव थट्टेचें होतें; पण पुढें तेंच मायेचें झालें.

१९३७ सालीं या एंजिनाची नव्यानें आंखणी होऊन त्याचें माप २१६ घन इंच झालें. १९४७ च्या उन्हाळ्यांत, युद्धानंतरच्या नव्या बांधणीची पिकप गाडी, म्हणजे मागें उघडा हौदा असलेली लहान मालमोटार, शेव्हरोलेटनें बाजारांत आणिली, तेव्हां तिच्यांतहि हेंच २१६ चें एंजिन होतें. त्याची शक्ति ९० अश्वशक्ति होती. शेतकरी, सुतार, दूधवाले अशा कष्टकरी लोकांची ती गाडी. तिच्या गोल नाकाचें रूप आजहि लोकांस इतकें आवडतें कीं, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरहि कित्येक जण ती हौसेनें चालवितात.

अशा गाडीचें एंजिन बदलण्याची पाळी कां येते, हें समजण्यास तिच्या वंगणाची व्यवस्था समजली पाहिजे. २१६ च्या एंजिनांत क्रँकच्या मुख्य बेअरिंगांस पंप दाबानें ऑइल पुरवी. परंतु दट्ट्यांस क्रँकशीं जोडणाऱ्या दांड्यांस तसा पुरवठा नसे. त्या प्रत्येक दांड्याच्या तळाशीं एक लहान पळी असे. खालच्या तबकांतील नळ्यांतून ऑइलची धार उडे, आणि फिरतां फिरतां ती पळी तें ऑइल झेलून आंत घेई. दांड्यांचीं बेअरिंगेंहि सुटीं नव्हतीं. ज्यास आपले कारागीर व्हाइट मेटल म्हणतात, तो मऊ धातु वितळवून दांड्यांतच ओतलेला असे. तो झिजला म्हणजे नवा ओतून, कातून, मापास आणावा लागे. हें काम जाणणारे हात दिवसेंदिवस विरळ होत गेले.

ज्या रस्त्यांसाठीं हें एंजिन केलें, त्या रस्त्यांवर त्यानें इमानानें काम केलें, असें म्हटलें पाहिजे. या पिकप गाडींत मागचें चाक एकदां फिरण्यास एंजिनास चारांहून किंचित अधिक फेरे घ्यावे लागत. ओझें ओढण्यास ही रचना उत्तम. परंतु १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेंत रुंद, सलग हमरस्ते झाले आणि सगळ्या वाहनांचा वेग वाढला. त्या वेगानें तासन् तास पळणाऱ्या एंजिनास पळीनें झेललेलें ऑइल पुरेनासें झालें. दोष लोखंडाचा नव्हता. काळाची चाल बदलली आणि वंगणाची चाल मागें राहिली.

यावरचा उपाय त्याच घराण्यांत निघाला. २३५ घन इंचांचें मोठें भावंड १९४१ पासून अवजड मालमोटारींत होतेंच. १९५३ सालीं कांहीं मोटारींसाठीं त्यांत सुधारणा झाली. क्रँकला भोंकें पाडून दांड्यांसहि दाबानें ऑइल पोंचविण्यांत आलें, आणि ओतीव धातूऐवजीं बदलतां येणारीं सुटीं बेअरिंगें आलीं. १९५४ सालीं हेंच एंजिन पिकप गाडींतहि बसूं लागलें. तेव्हांपासून २१६ थकलेल्या जुन्या गाडींत २३५ बसविणें ही मिस्त्रीमंडळींची रूढ वाट झाली. १९५५ च्या सालासाठीं निघालेलें आठ सिलिंडरांचें एंजिन बसविणारेहि पुष्कळ निघाले. परंतु त्यांस आधार, धूरनळी वगैरे बहुतेक सर्व नव्यानें करावें लागे. सहाच्या जागीं सहा ठेवणारास जुन्याचें बरेंच कांहीं तसेंच वापरतां येई.

आतां प्रत्यक्ष काम. आधीं बॅटरीच्या तारा सोडाव्या. पाणी व ऑइल काढून घ्यावें, पेट्रोलची नळी बंद करून सोडावी. बॉनेट व रेडिएटर उतरवावे. तारा, नळ्या, दांडे सोडतांना प्रत्येकास चिठ्ठी बांधावी. आठ दिवसांनीं आठवेल, असा भरंवसा धरणाराची फजिती ठरलेली. नंतर गिअरबॉक्सला खालून आधार देऊन त्याचा सांधा सोडावा आणि एंजिन साखळीच्या कप्पीवर तोलून प्रथम सरळ पुढें घ्यावें. गिअरबॉक्सचा दांडा क्लचमध्यें शिरलेला असतो. घाईनें वांकडें उचललें तर दांडा आणि क्लचची तबकडी दोन्हीं बिघडतात. हें एंजिन पांचशे रत्तलांहून जड असतें. टांगलेल्या एंजिनाखालीं कोणीहि जाऊं नये, हात सुद्धां घालूं नये. साखळी एकदांच तुटते, आणि ती आधीं सांगून तुटत नाहीं.

नवें एंजिन बसवितांना घराण्यांतील साम्य उपयोगी पडतें. तथापि भावंडें हुबेहूब नसतात. क्लचचें जुनें कवच २३५ च्या पाठीस बसतें. परंतु १९५५ नंतरच्या एंजिनाचा पाण्याचा पंप निराळ्या घडणीचा आहे. त्यामुळें पंखा जुन्या रेडिएटरसमोर नीट येत नाहीं. मग मध्यें एक पट्टी घालून जुनाच पंप बसवितात. एंजिनाचा पुढचा आधार ज्या पोलादी पट्टीस जोडलेला असतो, ती कित्येकदां जुन्या एंजिनाची काढून नव्यावर चढवावी लागते. त्यासाठीं टायमिंग गिअरचें झाकण उघडण्यावांचून गत्यंतर नाहीं. जुनी गाडी ६ व्होल्टची, पुढचीं एंजिनें १२ व्होल्टच्या गाड्यांचीं. म्हणून फ्लायव्हीलचे दांते आणि स्टार्टर यांची जोडी जुळते कीं नाहीं, हें आधींच पाहावें.

आणखी एक लहानशी गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. जुन्या गाडींतील ऑइलच्या दाबाचें घड्याळ ३० पौंडांपर्यंतच दाखवितें. तिच्या एंजिनास तेवढें पुष्कळ होतें. नवें एंजिन चालूं झालें कीं, कांटा शेवटास जाऊन टेकतो. ६० पौंडांचें घड्याळ बसवावें तेव्हां खरा दाब कळतो. एंजिन बदललें आणि मोजण्याचें माप जुनेंच ठेवलें, तर नव्याचा गुणहि दिसत नाहीं व दोषहि दिसत नाहीं.

मग ती गाडी तीच राहिली काय? कांहीं जाणते म्हणतात कीं, मूळ एंजिन गेलें म्हणजे गाडीचा इतिहास गेला. त्यांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. म्हणून उतरविलेलें एंजिन भंगारांत न देतां, त्याचा नंबर लिहून ठेवून, ऑइल लावून, कोरड्या जागीं झांकून ठेवावें, असें आम्ही सुचवितों. परंतु जी गाडी ओझें वाहण्यासाठीं जन्मली, ती मूळ एंजिनासह उभ्या उभ्या गंजत राहावी, यांतहि इतिहासाचा मान राहतो, असें आम्हांस वाटत नाहीं.

शिवडीचा कारखाना १९५४ सालीं बंद झाला. देशांत मोटारी तयार करण्याची योजना नसलेल्या, नुसत्या जुळवणीच्या कारखान्यांस पुढें थारा देऊं नये, असें सरकारी धोरण त्यापूर्वी ठरलें होतें. सहा सिलिंडरांचें एंजिन जन्मलें त्या सुमारास तो कारखाना उघडला, आणि त्याच एंजिनाचें सुधारलेलें रूप पिकप गाडींत आलें त्या वर्षी तो मिटला. सारी मिळून सुमारें पंचवीस वर्षें. एका रौप्यमहोत्सवाएवढ्या काळांत त्या एंजिनाचें माप बदललें, वंगण बदललें, बेअरिंगें बदललीं. बदललें नाहीं तें त्याचें सहा सिलिंडरांचें सरळ घराणें. तें टिकलें म्हणूनच नातवाचें एंजिन आजोबांच्या गाडींत बसूं शकलें. ज्यांच्या दारीं अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, त्यांनीं ती विकण्यापूर्वी तिचें बॉनेट एकदां उघडून पाहावें, एवढी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करितों.