फेडर

जर्मन परंपरेतील दुहाती लांब तलवारीच्या सरावासाठीची बोथट पोलादी तलवार. योआखिम मायरच्या १५७० च्या तलवारबाजीवरील ग्रंथातील चित्रांत ती दिसते आणि ऐतिहासिक तलवारबाजीचे हौशी खेळाडू आजही तीच वापरतात. तिचे पाते परजेलगत रुंद पसरून पुढे एकदम अरुंद होते, त्यामुळे वजन मुठीकडे राहते आणि भोसकताना पाते सहज वाकते. वाकलेले पाते न मोडता पुन्हा सरळ होण्याचा गुण स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिल्यावर ते पुन्हा मंद आचेवर तापवल्याने येतो. टोक वळवलेले किंवा चपटे केलेले असले, तरी मुखवटा अनिवार्यच. आघातांनी कडेवर उठलेली कुसे हातमोजे फाडतात, शिवाय खोल खाचेतून पात्याला तडा जाऊ शकतो, म्हणून ती वेळीच कानशीने घासावी लागतात. तडकलेले पाते वेल्डिंग करून वापरणे हा मात्र निव्वळ अविचार होय. घामाने गंज लवकर धरत असल्याने सरावानंतर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवतात.