कार्मेन खरंच स्वतंत्र होती का?

कार्मेन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा बिझेचा १८७५ सालचा ऑपेरा येतो. फूल, नाच, कुणालाच न जुमानणारी बाई. 'मुक्त स्त्री' म्हणून तिचं नाव सर्रास घेतलं जातं, आणि मग वाद सुरू होतो की ती खरंच स्वतंत्र होती का. त्या वादात उडी घेण्याआधी एक कंटाळवाणा प्रश्न विचारून बघा: हे सगळं आपल्याला सांगितलं कोणी?

मूळ कथा प्रॉस्पेर मेरिमेची, १८४५ सालची. तिची रचना बघा. एक फ्रेंच विद्वान जुन्या रणभूमीच्या शोधात स्पेनमध्ये फिरतोय. कार्मेन त्याला एका संध्याकाळी भेटते (त्यात त्याचं घड्याळ जातं). बाकी गोष्ट त्याला तुरुंगात डॉन होसे सांगतो, म्हणजे तिचा खून करून मृत्युदंडाची वाट पाहणारा माणूस. आम्हा सायन्सवाल्यांच्या भाषेत, सगळी रीडिंग्ज एकाच यंत्राची आणि त्याचं कॅलिब्रेशन कधी झालेलंच नाही. शिवाय ती जितकी बेबंद दिसेल, तितका होसेचा गुन्हा लहान होतो. शेवटी तर तो दोष तिला तसं वाढवणाऱ्या तिच्या लोकांवरच टाकतो.

ते 'तिचे लोक'सुद्धा लेखकाने निवडलेले. काउंटेस मोंतिहो यांना लिहिलेल्या पत्रात मेरिमे सांगतो की गोष्ट मुळात त्यांच्याकडूनच ऐकलेली, मालागातल्या एका गुंडाने प्रेयसीला मारल्याची. आपण सध्या जिप्सींचा, म्हणजे रोमा लोकांचा अभ्यास करतोय, म्हणून नायिका जिप्सी केली. नंतर पुस्तकात त्याने चौथं प्रकरण जोडलं. नायिका मेलेली, आणि हा रोमा लोकांच्या चालीरीती नि भाषेवर लिहितोय!

मग कार्मेनबद्दल काहीच कळत नाही का? कळतं. इतिहासात एक साधी कसोटी वापरतात: साक्षीदार स्वतःच्या सोयीविरुद्ध बोलतो तिथे त्याच्यावर जरा जास्त विश्वास ठेवायचा. ती लावून बघा. होसे कबूल करतो की चोरट्या मालाची टोळी तिने आणलेल्या खबरांवर चालायची. शेवटी आपण अमेरिकेला जाऊ म्हणून विनवलं, तू म्हणशील तर दरोडेखोरच राहतो म्हटलं, तरी ती नाहीच म्हणाली, हेही तोच सांगतो. आयुष्यभर सहज खोटं बोलणारी बाई, एका खोट्याने जीव वाचला असता तिथे खोटं बोलली नाही. हे लपवण्यातच होसेचा फायदा होता. म्हणून हा नकार मी तिचा धरतो.

पण नकार म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. याच प्रसंगात नवऱ्याला बायकोला मारण्याचा हक्क आहे, हे ती मान्य करते, आणि त्याच दमात आपण मोकळ्याच राहणार असंही म्हणते. तिचा आधीचा नवरा गार्सिया ऑपेऱ्यात गायबच आहे. त्यामुळे रंगमंचावरची कार्मेन कुणाचीच बायको नसते आणि आपल्याला जास्त मोकळी वाटते. कथेत ती सिगारच्या कारखान्यातून सुटते ती टोळीत जाते, आणि तिथे नवरा असतोच. होसे त्याला मारतो आणि त्याची जागा घेतो.

तिसरं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचा. ज्या वाक्याने होसेचा फायदा होतो तिथे खूण करत जा. शेवटी बिनखुणेची किती उरतात ते मोजा.