शंकुमंत वृक्षांचे गंधोत्सर्जन व कीटक

शंकुमंत वृक्षांचे गंधोत्सर्जन व कीटक : चीड, देवदार, स्प्रूस, फर इ. शंकुमंत वृक्षांची पाने व खोड यांतून टर्पिने ही बाष्पनशील (सहज वाफ होणारी) द्रव्ये हवेत मिसळत असतात. कीटकांनी पाने वा साल कुरतडल्यास त्यांचे प्रमाण व घटकरचना बदलते. हा बदल म्हणजे केवळ जखमेतून निसटणारा वास नसून झाडाची सक्रिय प्रतिक्रियाही असते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात या वृक्षांची नैसर्गिक वने नाहीत; तथापि त्यांच्या रसायनशास्त्रात पुण्याचा वाटा आहे. जे. एल. सायमनसेन यांनी १९२० मध्ये हिमालयातील चीडच्या टर्पेंटाइनातील लाँगिफोलिनाचे वर्णन केले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) सुख देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाँगिफोलिनाच्या विक्रियांचा व देवदार तेलातील हिमाचलिनांच्या संरचनेचा अभ्यास केला. हे संशोधन काढून घेतलेल्या राळेवर व तेलावर झाले. हल्ला झाल्यावर जिवंत झाड कोणती द्रव्ये बनविते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर होता.

या प्रश्नाला चालना रुंदपर्णी वृक्षांवरील प्रयोगांनी मिळाली. डी. एफ. ऱ्होड्स यांनी विलोवर, तर आय. टी. बॉल्डविन व जे. सी. शुल्ट्झ यांनी पॉप्लर व मॅपलवर केलेले प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. इजा झालेल्या झाडाच्या शेजारील अक्षत झाडांतही रासायनिक बदल होतो, असे त्यांनी मांडले. या निष्कर्षांवर तीव्र आक्षेप घेतले गेले व विषय काही काळ मागे पडला.

शंकुमंतांबाबतचा पुरावा क्रमाने जमा झाला. आर. क्रोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ग्रँड फरच्या खोडाला जखम केल्यावर मोनोटर्पिने तयार करणाऱ्या एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनांची) क्रियाशीलता वाढते, असे दाखविले. बर्लिन येथे मोनिका हिल्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. करवतमाशीने पाइनच्या सुईसारख्या पानात अंडी घातली की, त्याच फांदीच्या अंडी नसलेल्या पानांचा गंधही बदलतो आणि त्या अंड्यांवर जगणारी सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी तिकडे आकर्षित होते. अक्षत पानेही बदलत असल्याने ‘गळतीची’ कल्पना येथे अपुरी ठरली.

हा बचाव नेहमीच यशस्वी होत नाही. पर्वतीय पाइन भुंगेरा झाडातीलच आल्फा-पिनिनापासून ट्रान्स-व्हर्बेनॉल हे संकेतद्रव्य बनवून आपल्या जातभाईंना बोलावतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात १९९० नंतरच्या दशकांत या भुंगेऱ्याच्या उद्रेकाची झळ सु. १.८ कोटी हेक्टर वनांना पोहोचली. म्हणून गंधाचा अभ्यास वनरक्षणाचा भाग मानला जातो.