हातातला फोटो

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या वऱ्हाडी वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या, तर एक चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. सारवलेली भिंत, दारात बसलेली बाई, डोक्यावरून पदर, आणि मांडीवर नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो. फ्रेमला हार. काचेवर कुंकवाचं बोट. आतला माणूस निळ्या पडद्यापुढे ताठ बसलेला, श्वास रोखून धरल्यासारखा. वाचकाची नजर बाईच्या चेहऱ्यावर जाते, आणि ती जावीच. पण त्या चौकटीत फोटो दोन आहेत आणि ते काढणारेही दोन. बाहेरचा फोटो शहरातून आलेल्या प्रेस फोटोग्राफरचा, आतला तालुक्याच्या स्टुडिओवाल्याचा. बाहेरच्याचं नाव कधीमधी बारीक टायपात छापून येतं. आतल्याचं येत नाही.

वाशिम जिल्ह्याच्या बातम्यांतल्या चित्रांची गोष्ट सांगायची तर या दोघांना एकत्रच घ्यावं लागतं.

या मुलखात कॅमेरा आला तो माणसांसाठी नव्हे, दगडांसाठी. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात भित्तिचित्रांच्या नकला रंगवत बसला होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. रंगवलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या, पण तोवर त्याने काढलेल्या फोटोंची दोन पुस्तकं वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघालीही होती. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर पुरातत्त्व खात्याचे लोक आले. हेन्री कझन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोणार-मेहकरच्या जोडीने आजच्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जुनं मंदिरही आहे.

सर्वेक्षणाच्या त्या काळातल्या फोटोंमध्ये खांबाशेजारी किंवा दाराच्या चौकटीपाशी पुष्कळदा एक माणूस उभा केलेला दिसतो. तो यात्रेकरू नसतो की पुजारी नसतो. देऊळ किती उंच आहे ते पाहणाऱ्याला कळावं, एवढ्याचसाठी त्याला उभं केलेलं असतं. फोटोखाली मंदिराचं नाव येतं, गावाचं येतं, या माणसाचं येत नाही. मोजपट्टीला कोण नाव देतं?

माणसांसाठी म्हणून कॅमेरा वळला तेव्हाही सरकारला हवा होता तो नमुना. ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ जाडजूड खंड १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघाले. त्यात देशभरातल्या जातीजमातींचे साडेचारशेहून जास्त फोटो आहेत. बंजारेही त्यात आहेत. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी आज देशभरच्या बंजारा समाजाचं तीर्थस्थान आहे. तिथल्या रामनवमीच्या यात्रेत आता जो तो मोबाईल उंच धरून असतो. त्या आठ खंडांत बंजारे मात्र एका जमातीचा नमुना म्हणूनच आहेत.

फोटो बातमी म्हणून काढायचा, म्हणजे घडलं ते घडल्याजागी जाऊन टिपायचं, ही खोड आपल्याकडे लागली ती मुंबईकडून. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर धंद्याने फोटोग्राफर. केंब्रिजची रँग्लर परीक्षा गाजवून रघुनाथ परांजपे १९०१ च्या अखेरीस मुंबईला परतले, तेव्हा सावेदादांनी ते स्वागत चलत्चित्रात पकडलं. भारतीयाने केलेलं पहिलं बातमीचित्र म्हणून ते सांगितलं जातं. १९१९ मध्ये जालियनवाला बागेतल्या गोळीबारानंतर नारायण विनायक विरकर अमृतसरला गेले. बागेच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा आणि त्या दाखवणारी माणसं त्यांनी टिपली. इथेही माणूस भिंतीशेजारीच उभा आहे. पण कझन्सच्या काळातल्या माणसासारखा तो उंची दाखवायला उभा नाही. तो साक्षीदार आहे. फरक तेवढाच, आणि तो फार मोठा आहे.

वाशिमला हे वारं उशिरा लागलं, कारण वाशिम कायम कुणाच्या तरी पोटात होतं. इंग्रजी कागदांतला ‘बासीम’ जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि वाशिम-मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले. जिल्हा पुन्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ ला. मधली त्र्याण्णव वर्षं वाशिमची बातमी अकोल्याची पोटबातमी होती.

साधनंही तशीच होती. रोलच्या काळात तालुक्याच्या ठिकाणी वर्तमानपत्राचा पगारी फोटोग्राफर नसायचा. स्टुडिओवालाच वेळप्रसंगी प्रेसचा माणूस व्हायचा. छत्तीस फोटोंचा रोल महाग, त्यामुळे लग्नाच्या रोलमध्ये शेवटी उरलेल्या तीन-चार फोटोंत मंत्रीमहोदयांचं भूमिपूजन उरकायचं. घाई असली तर रोल संपायची वाट न बघता काळोख्या खोलीत तो अंदाजाने कापायचा आणि तेवढाच तुकडा धुवायचा. कात्री थोडी चुकली की नवरदेवाचं डोकं जायचं. मग पोस्टकार्ड साइजची प्रिंट, मागे पेन्सिलीने ‘डावीकडून’ अशी नावं, बातमीच्या कागदासोबत पाकीट, आणि ते पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या हवाली. तिकडे अकोल्याच्या स्टँडवर पेपरचा पोऱ्या वाट बघत उभा. गाडी पंक्चर झाली की भूमिपूजन परवाच्या अंकात.

अशा खर्चात आणि अशा दगदगीत फोटो कशाचा निघणार? हारतुऱ्यांचा, फीत कापण्याचा, व्यासपीठाचा. जुन्या फायलींत याचीच गर्दी आहे, आणि खरं सांगायचं तर ती फार कंटाळवाणी आहे. पेरणी, बाजार, तांड्यावरचं पाणी भरणं, सोयाबीनच्या मळणीची धूळ ही रोजची जिनगानी. तिच्यावर रोल खर्च करायला कुणी सांगत नव्हतं.

रोजच्या जगण्यावर रोल खर्च करणारा माणूस याच मुलखातून निघाला, पण काम केलं ते मुंबईत. सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ चा, अकोल्याचा. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. १९८८ पासून ते प्रेस फोटोग्राफर.  

मुंबईच्या दैनिकांत काम करताना ओलव्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महापालिकेच्या सफाई कामगारांचा विषय हाती घेतला. ही माणसं बहुतेक सगळी दलित समाजातली. शहराचा कचरा उचलतात, तुंबलेल्या गटारात उतरतात, आणि शहराला ती दिसत नाहीत. एखाद्या रात्री जाऊन चार ‘जोरदार’ फोटो आणले असते तरी दैनिकाचं भागलं असतं. ओलवे कामगारांच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत गेले. गटारातून वर येणारं डोकं त्यांच्या चित्रांत आहे, तशी अंधारी खोली आहे, दारूने पोखरलेली शरीरं आहेत, आणि कर्ता गेल्यावर मागे राहिलेली बायकामुलंही आहेत. ही चित्रं कृष्णधवल आहेत. रंग असते तर पाहणारा कदाचित घाणीपाशीच थबकला असता. इथे नजर माणसाकडे जाते.

नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ या उपक्रमात २००५ साली निवडलेल्या चौघांत ते होते. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टच्या कामातून ते नवख्या हातांत कॅमेरा देतात. सन्मानांची यादी इथेच थांबवलेली बरी. मोजपट्टी म्हणून उभा केलेला माणूस आणि ओलव्यांच्या चित्रातला कामगार यांच्यामध्ये किती वाट आहे, ते बघण्यासारखं आहे.

ओलव्यांचा कॅमेरा मुंबईत चालत होता, त्याच वर्षांत बाहेरचे कॅमेरे वाशिमकडे वळले. पण कारण वाईट होतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा यांच्या बरोबरीने वाशिमचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांत आलं. २००६ च्या जुलैच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मुंबई-दिल्लीचे फोटोग्राफर गाड्या करून फिरू लागले, आणि दारात बसलेल्या बाईचं ते चित्र तेव्हापासून ठरून गेलं.

आता त्या चित्रातला आतला फोटो. त्याचं मूळ पुष्कळदा मतदार ओळखपत्र असतं. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये फोटोचं ओळखपत्र सक्तीचं करायला घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव शाळेच्या भिंतीपाशी रांगा लावून फोटो निघाले. कित्येकांच्या आयुष्यातला तो पहिला फोटो. काहींचा शेवटचाही तोच. माणूस गेला की घरचे ट्रंकेतून ते कार्ड काढतात आणि तालुक्याला स्टुडिओत नेऊन देतात. चेहरा अंगठ्याएवढा, लॅमिनेशन पिवळं पडलेलं, शिक्क्याची निळी कड हनुवटीवर आलेली. पूर्वी मोठ्या प्रिंटवर ब्रश आणि पेन्सिल चालवून भुवया-मिशा पुन्हा काढाव्या लागत. आता कॉम्प्युटरवर शिक्का पुसतात, मागे निळा पडदा टाकतात आणि कुणी सांगितलं तर खांद्याखाली कोटही चढवतात. जन्मभर बंडी घातलेला माणूस भिंतीवर कोटात जातो. गिऱ्हाईक भावावर घासाघीस करत नाही. तेरवीच्या आत पाहिजे, एवढंच सांगतं.

पेपरचा फोटोग्राफर साधारण त्याच सुमारास येतो. तो फोटो मागतो, म्हणून बाई आत जाऊन खिळ्यावरची फ्रेम उतरवते आणि काच पदराने पुसते. आत उजेड कमी असतो. तो तिला दारात बसायला सांगतो.