रूपांतरण दर, संकेतस्थळाचा

संकेतस्थळावर येणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथली अपेक्षित कृती पूर्ण केली, याचे शेकडा प्रमाण. ही कृती खरेदी, नावनोंदणी, देणगी किंवा चौकशीचा अर्ज यांपैकी काहीही असू शकते. व्यवसायात ‘कन्व्हर्जन रेट’ हा शब्द रूढ आहे. १०,००० भेटींमधून २०० ऑर्डरी आल्या, तर दर २ टक्के. छेदात भेटी धरल्या की माणसे, यावर आकडा पालटतो. म्हणून दुसऱ्याच्या दराशी बरोबरी करण्यापेक्षा एकच व्याख्या कायम ठेवून स्वतःच्या आधीच्या दराशी ताडून पाहणे अधिक उपयोगाचे.

पूर्वपीठिका : टपालाने माल विकणारे अमेरिकी व्यापारी जाहिरातीतली कूपने मोजून कोणता मजकूर चालतो ते ठरवत. क्लॉड हॉपकिन्स यांनी ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ (१९२३) या पुस्तकात ही रीत मांडली. चाचणीची सांख्यिकीय बैठक मात्र शेतीतून आली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे काम करताना रोनाल्ड फिशर यांनी यादृच्छिक वाटपाचे तत्त्व विकसित केले. त्यांचा ‘द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ हा ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला.

गळतीचा शोध : वस्तूचे पान, कार्ट, पत्ता आणि पैसे भरणे अशा प्रत्येक टप्प्यावर किती जण उरले, हे मोजून काम सुरू होते. आकडे गळतीची जागा दाखवतात, कारण सांगत नाहीत. त्यासाठी काही माणसांना पान वापरताना शेजारी बसून पाहावे लागते. रोजची वर्दळ थोडी असलेल्या स्थळांना हाच मार्ग सर्वांत भरवशाचा.

अडथळे कमी करणे : पान लवकर उघडणे, अर्जातले अनावश्यक रकाने काढणे, डिलिव्हरी शुल्कासह पूर्ण किंमत आधीच दाखवणे, परताव्याच्या अटी स्पष्ट लिहिणे आणि खाते न उघडता खरेदी करू देणे हे नेहमीचे उपाय. शेवटच्या उपायाचे गाजलेले उदाहरण जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये सांगितले. एका मोठ्या विक्रेत्याच्या पानावर पैसे भरण्याआधी ‘नोंदणी करा’ असे बटण होते. त्या जागी ‘पुढे चला’ असे बटण आले आणि खाते उघडणे गरजेचे नाही, अशी ओळ जोडली गेली. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, असे स्पूल यांनी नमूद केले आहे. विक्रेत्याचे नाव त्यांनी दिलेले नाही.

भारतात ऑनलाइन पैसे भरण्याविषयीचा अविश्वास हा मोठा अडथळा होता. फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली, तर २०१६ पासून यूपीआयमुळे कार्डाचा क्रमांक टंकण्याची गरज उरली नाही. याउलट ओटीपीची पायरी खरेदी लांबवते, तरी ती ग्राहकाच्या पैशाचे रक्षण करते. प्रत्येक अडथळा काढण्याजोगा नसतो.

तुलनात्मक चाचणी : ‘ए/बी टेस्ट’ या नावाने परिचित. येणाऱ्यांना यादृच्छिक रीतीने दोन गटांत वाटून एकाला जुने व दुसऱ्याला नवे पान दाखवतात. दोन्ही गट एकाच वेळी चालल्याने सण, सेल, पगाराचा आठवडा यांचा परिणाम दोघांवर सारखा होतो. ‘आधी आणि नंतर’ या तुलनेत ही सोय नसते.

बराक ओबामांच्या २००८ च्या निवडणूक मोहिमेतील चाचणी तपशिलाने उपलब्ध आहे. डॅन सिरोकर यांच्या गटाने नावनोंदणीच्या पानासाठी ४ बटणे आणि ६ चित्रे वा चित्रफिती घेऊन २४ जोड्या केल्या. ३,१०,३८२ जणांनी ते पान पाहिले, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याला सुमारे १३,००० जण आले. मोहिमेतल्यांची पसंती एका चित्रफितीला होती. प्रत्यक्षात सर्व चित्रफिती स्थिर चित्रांच्या मागे पडल्या. ओबामा कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ अशा अर्थाचे बटण ही जोडी जिंकली. मूळ पानाचा दर ८.२६ टक्के होता, तिचा ११.६. यातून सुमारे ६ कोटी डॉलर जादा देणग्या मिळाल्याचे सांगतात, पण तो हिशेब सरासरी देणगीवरून बांधलेला अंदाज आहे. शिवाय २४ पर्यायांतला अव्वल पर्याय निवडला की त्याच्या यशात थोडा योगायोग मिसळलेला असतो, आणि वाढ खऱ्यापेक्षा काहीशी मोठी दिसते.

पुरेसा नमुना ही मुख्य अट. २ टक्क्यांचा दर २.४ वर गेला का, हे ओळखायला प्रचलित निकषांनुसार (लक्षणीयता पातळी ५ टक्के, सामर्थ्य ८० टक्के) प्रत्येक गटात सुमारे २१,००० माणसे लागतात. रोज निकाल पाहून, मनासारखा आकडा दिसताच चाचणी थांबवली तर निव्वळ योगायोगही सुधारणा म्हणून गणला जातो. कालावधी आधी ठरवावा आणि त्यात पूर्ण आठवडे यावेत.

रंग : बटणाच्या रंगाविषयी सर्वत्र लागू पडेल असा नियम नाही.

मर्यादा : जाहिरात बंद केली की उत्सुकतेपोटी येणारे घटतात आणि एकही जादा ऑर्डर न येता दर वाढतो. मोठ्या सवलतीने दर वाढतो, नफा घटतो. त्यामुळे दराबरोबर एकूण ऑर्डरी, परत आलेला माल, तक्रारी आणि पुन्हा येणारे ग्राहकही मोजावे लागतात.

फसव्या रचना : हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. खोटी घाई, न मागता कार्टमध्ये टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणारे शब्द, सुरू करायला सोपे पण बंद करायला अवघड सदस्यत्व, ही त्यांची रूपे. यांनीही दर वाढतो, आणि तुलनात्मक चाचणी त्यांना विजयी ठरवू शकते. कारण चाचणी ग्राहकाची संमती मोजत नाही, क्लिक मोजते. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांना मनाई आहे. ग्राहकाला नीट समजून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता आले, तरच वाढलेल्या दराला सुधारणा म्हणता येते.